निळा कोबी

कोपनहेगन, १२ नोव्हेंबर १९२४

प्रिय थीराताई,

तुला, लौस्ट भावोजींना आणि त्यांच्या बोटीला नमस्कार. स्कागेनच्या वाऱ्यात तुझा गुडघा काय म्हणतो ते कळव. नाताळला यंदाही यायला जमणार नाही असं तू लिहिलंस, ते बरोबरच आहे. घर सोडून कुठे निघणार. मी इथे मजेत आहे आणि मला कुणाची आठवण येत नाही, हे आधीच सांगून टाकते.

परवा मॉर्टनचा सण झाला, घरोघरी बदक भाजायचा. तू लग्न करून गेल्यापासून मी बदक करतच नव्हते (एकटीसाठी बदक म्हणजे आठवडाभर बदकच), पण यंदा प्रयोगशाळेतल्या टॉफ्टसाहेबांना जेवायला बोलावलं. ते विधुर आहेत आणि सणालाही नुसता लोणी-पाव खातात, हे कळल्यावर राहवेना. बदक छान झालं. बिघडला तो लाल कोबी. दिवसभर प्रयोगशाळेतली काचेची भांडी सोड्याने घासायची सवय, त्याच हाताने घरचं पातेलंही घासलं आणि नीट विसळलं नाही. झाकण काढलं तर कोबी निळाशार, शाईत शिजवल्यासारखा. तू असताना असं कधी झालं नाही, कारण चिरायची मी, आणि शेवटी व्हिनेगर न् करंटच्या आंबट फळांचा लालभडक रस ओतायचीस तू.

साहेबांनी पातेल्यात डोकावून पाहिलं. गंभीरपणे म्हणाले, "निळा कोबी मी आजवर परीक्षानळीतच पाहिला होता."

मग बदक निवत ठेवून त्यांनी मला नवी उपपत्ती समजावली (गेल्या वर्षापासून आमच्याकडे दुसरा विषयच नाही). आम्ल म्हणजे प्रोटॉन देणारं, आम्लारी म्हणजे तो घेणारं. सोड्याने कोबीच्या रंगाजवळचा प्रोटॉन काढून घेतला, म्हणून तो निळा पडला. व्हिनेगरने दिला की पुन्हा लाल. मी विचारलं, आणि समोर घेणारं कुणीच नसेल तर?

"तर देणारं आपल्याजवळचं घेऊन बसून राहतं, एब्बाबाई," ते म्हणाले. "घेणारं असेल तरच देणं होतं. आणि देऊन जे उरतं ना, तेच पुढे परत घेऊ शकतं."

मी बदक गरम करायला उठले, कारण डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. (कांदा असावा. आपल्या कोबीत कांदा नसतो, पण असावा.) साहेबांनी निळा कोबी दोनदा मागून घेतला. चव साबणासारखी होती.

बाकी सगळं ठीक.

तुझी,
एब्बा

ता. क. टॉफ्टसाहेबांबद्दल काही मनात आणू नकोस. ते सगळा वेळ कोबीकडेच बघत होते.

आणखी एक. व्हिनेगरची बाटली घरात होती, डोळ्यांसमोरच्या फळीवर. मी ओतलं नाही. ते काम तुझं. नाताळचा कोबी मी चिरून ठेवते. करंटचा रस मात्र पार्सलने पाठवू नकोस; मागच्या वेळी बाटली वाटेत फुटली आणि पोस्टमन माझ्याकडे खुनी बाईकडे बघावं तसा बघत होता. तूच घेऊन ये.