न्यायला येणं

१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस थोरलीचे अ. उ. आ.

तुझं पत्र मिळालं. सूनबाई वाचून दाखवते म्हणाली. म्हटलं नको, बहीण माझी, पत्र माझं. दुसरीतून काढलेली मी, अर्धी दुपार लागली, पण वाचलं.

पणतीला दात आला. एकच, पण मिजास केवढी! सगळ्यांना चावून दाखवते. मला दोनदा चावली, मी खूश.

हां, काय सांगत होते? गुडघे. एक वर्ष तू, एक वर्ष मी, असं आपलं येणं-जाणं. एकोणीस वर्षांत एकदाच मोडलं, तुझे हे गेले तेव्हा. यंदा पाळी माझी. परवा पिशवी घेऊन स्टँडवर गेलेसुद्धा. एक पाय पायरीवर ठेवला, दुसरा काही येईना. कंडक्टरने विचारलं, आजी, चढताय की उतरताय? म्हटलं, गुडघ्यांना विचार. आले परत. दमले गं. पुढे आणखी एक गाडी बदलायची. तेव्हा यंदाही तूच ये.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी थोरली

२० फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

शाळेच्या गणवेशांचं काम आलंय. दिवसाला चाळीस शर्टांची काजं-बटणं करते, संध्याकाळी बोटं वळत नाहीत. म्हणून थोडक्यात लिहिते.

पाळी नसताना मी येणार नाही. हे गेले तेव्हा लागोपाठ दोनदा आले, तर तुझ्या शेजारणीने जिन्यात विचारलं, आता इथंच का? सहज विचारलं असेल. पण त्या दिवशी घास उतरला नाही. सूनबाई गुणाची आहे, तिचं काही नाही. तू येऊन गेलीस की मी ताठ मानेने येते, एवढंच.

तुझी खाट खिडकीशी ओढून ठेवली आहे. रागावू नकोस.
धाकटी

१ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

बाई गं, जिन्यातलं ते तू तीन वर्षं पोटात ठेवलंस? मला सांगायचं नाही होय?

आता ऐक. पाळी माझीच. येणारही मीच. पण एकटीला चढवत नाही, तर तू मला न्यायला ये. न्यायला येणं हे येण्यात मोजत नाहीत, कुठेच नाही. तू खालून ढकल, कंडक्टर वरून ओढेल, कशी नाही चढत बघू! शेजारणीला जिन्यात गाठून मीच सांगितलं, बहीण न्यायला येतेय मला. ती म्हणाली, नशीबवान आहात. म्हटलं, आहेच.

पिशवी भरलेलीच आहे, स्टँडवरून आणल्यापासून सोडली नाही. पण दोन गाड्या बदलून तू दमशील, लगेच कसं निघणार? आठ दिवस दम खा. दम खाणंही मोजत नाहीत.

लोभ असाच राहू दे. आणि मला पोचवायलाही तुलाच यावं लागेल.
तुझी थोरली