पहिलं बोळकं

८ जानेवारी १९९५, रविवार
उज्जैनला येऊन आठवडा झाला आणि गाव मला पसंत पडलं! बँकेने बदली केली तेव्हा माझा भाऊ श्रीकांत म्हणाला होता, सेहेचाळिसाव्या वर्षी एकटी कशी राहशील? मजेत राहते आहे. माधव नगरात दोन खोल्या, खाली घरमालकीण अक्का. त्या चार पिढ्यांच्या इथल्या, बोलण्यात निम्मी हिंदी. पोह्यांवर शेव कमी घेतली तर रागावतात. आज भैरवगढ़ला मातीकामाच्या वर्गात नाव घातलं. छपाईवाल्यांच्या अंगणामागे पत्र्याची शेड, आम्ही सहा बायका, आणि शिकवायला दुर्गाबाई. पहिला दिवस नुसता माती तुडवण्यात आणि खडे वेचण्यात गेला. पोटऱ्या दुखताहेत, पण झोप छान लागेल.

१५ जानेवारी
चाकावर गोळा मधोमध बसेल तर शपथ! माझा तीनदा उडाला, एकदा थेट शेजारच्या प्रतिभाताईंच्या पदरात. चौथ्यांदा मात्र बोळकं वर आलं. जाड, एका अंगाला कललेलं, पण माझं. काडीने तळाला ‘चारू’ कोरलं. आणि दुर्गाबाई म्हणाल्या, पहला वाला हौद में डालो, बहनजी. प्रत्येकीचं पहिलं भांडं कच्चंच पाण्यात सोडतात, बघता बघता त्याचा पुन्हा चिखल होतो. ते भाजलं तर माती आपला वाटा हातांतून काढून घेते, असं त्या अगदी साधेपणाने म्हणाल्या.

बाकीच्यांनी हसत टाकली. मी नाही. स्वेटर विणले ते श्रीकांतच्या मुलांनी घातले, लोणची घातली ती वहिनीच्या माहेरी गेली, वडिलांचं बारा वर्षं मी केलं आणि घर श्रीकांतला मिळालं. पुरे झालं आता. घाईघाईने दुसरं बोळकं काढून ते हौदात सोडलं, आणि पहिलं वाळवायच्या फळीवर इतरांच्या मागे सरकवलं.

२९ जानेवारी
भट्टी उघडली. नीट भाजलेलं भांडं टिचकी मारली की टण वाजतं. माझं वाजलं! पाणी भरून पाहिलं, एक थेंब गळला नाही. दुर्गाबाईंनी तळाचं नाव वाचलं. रागावल्या नाहीत, माझे हात उलटेपालटे करून पाहिले. म्हणाल्या, आत्ता फोडून चुरा हौदात टाका, मिट्टी मान जाएगी. मी सांगितलं, माझं आहे, मी फोडणार नाही. इथे टेबलावर ठेवलं आहे. फार गोड दिसतं.

१ फेब्रुवारी
बँकेत नवे कॉम्प्युटर आलेत. माझ्या कीबोर्डवर लाल माती सांडलेली. शिपायाने पुसली, तासाभराने पुन्हा तेवढीच. शाईच्या पॅडवर अंगठा टेकवून कागदावर उमटवला. एकही रेघ नाही. घरी येऊन बोळक्यात पाहिलं. आतून सगळीकडे बोटांच्या रेघा. माझ्याच.

४ फेब्रुवारी
भांडी घासताना उजव्या करंगळीचं पेर विरघळलं. दुखलं नाही. नळाखाली लाल गाळ. देवास गेटच्या डॉक्टरांनी मनगट दाबलं, त्यांच्या अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला. ते मागे सरकले, म्हणाले इंदूरला जा. मला भीती वाटते आहे. फार.

५ फेब्रुवारी
बोळकं घेऊन वर्गात गेले. दुर्गाबाई म्हणाल्या, अजून वेळ आहे, फोडा, हात परत येतील. हौदावर बोळकं धरलं. सगळ्या बघत होत्या —
नाही फोडलं. आयुष्यात एक वस्तू माझी. एक.

७ फेब्रुवारी
उजव्याची तीन बोटं उरली. पाण्याला शिवत नाही, पण घाम — घामानेसुद्धा —
अक्का दार वाजवत होत्या. आतूनच सांगितलं, ताप आहे.

८ फेब्रुवारी
किती वेडी मी! पाण्याने कच्ची माती विरघळते. भाजलेली नाही. एवढं तर वर्गात शिकले —
शेगडी पेटवली आहे. डावा आधी. दुखत नाही. खरंच नाही —

दुपारी
डाव्यावर चमचा मारला. टण.
आता घे म्हणावं मातीला!
बोळकं समोर आहे. उजवा राहिला. पेन खाली ठे