अठ्ठ्याण्णव पॉइंट चार

६ फेब्रुवारी
काल पहिली केमो झाली. आज दांडी गावातलं घर सोडून बोईसरला अंकुशकडे, माझ्या धाकट्या भावाकडे, राहायला आले. तिसरा मजला, पुसून लख्ख केलेली खोली, खिडकीत ऊन. भावजय दीपालीने दारावर कागद चिकटवलाय: मेघालीताईंची खोली, हात धुऊन या. मला हसूच आलं. एवढा मान मला लग्नातही नव्हता.

हॉस्पिटलातल्या सिस्टरने बजावलंय, आठवड्याभरात पांढऱ्या पेशी उतरतील. गर्दी नको, खोकणारं माणूस नको. ताप १००.४ झाला की असाल तसे निघा. आपल्या मनाने तापाची गोळी घेऊ नका; तिने ताप लपतो, आजार नाही.

१० फेब्रुवारी
तोंड आलंय. पेज तेवढी उतरते. बाकी काही वाटत नाही.

१३ फेब्रुवारी
लाडकी आत्या आली. आई गेल्यावर हिनेच मला वाढवलं. दीपालीने दारातच तिला मास्क दिला, जरा लांबून बोला म्हणाली. आत्या म्हणाली, "आमी नाय येवाचं तं कोन येनार?" मास्क हनुवटीवर घेऊन तिने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. बोलता बोलता खोकली. मी मागे सरले नाही.

१५ फेब्रुवारी
सकाळी हुडहुडी भरली. १००.८. सांगितलं तर अंकुश आत्यालाच बोल लावील. मग ती या घराची पायरी चढायची नाही. दीपालीच्या डब्यातली गोळी घेतली. तासाभराने ९८.४. दीपालीने आकडा पाहिला, तिला बरं वाटलं. मलाही.

१६ फेब्रुवारी
दुपारी पुन्हा थंडी. पुन्हा गोळी. ९८.४. भीती वाटायला हवी. वाटत नाही.

१७ फेब्रुवारी
आज गोळी घेतली नाही. तरी ९६. ताप गेला म्हणायचा. पण बोटं गार — नखं निळी — उभी राहिले की भिंत सरकते —

दीपालीला गोळ्यांचं रिकामं पाकीट सापडलं. रागावली नाही. खालीच बसली. मग हॉस्पिटलला फोन लावला. तिकडून विचारतायत, पहिला ताप कधी. माझी जीभ वळत नाही. अंकुश गाडी काढायला गेलाय —

वही बरोबर घ्या म्हणावं. सगळं यात आहे. आत्याचं पान फाडावं का — नको. डॉक्टरांना कळलं पाहिजे —

पहिला ताप पंधराला, सकाळी