मेहुण्याचं नाव बदललं आहे

चि. खटपट्या यास,

दुकानातून काकाचे भरघोस आशीर्वाद. तुझी तब्येत, सूनबाईंची तब्येत आणि तुझी नवी नोकरी, तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो. माझं शिलाई मशीन ठीक आहे. बाकीचं विचारू नकोस. (कागदावर लिहितोय, कारण फोनमध्ये काही लिहिलं की ते तुझ्या काकूच्या फोनमध्ये उमटतं अशी हल्ली माझी समजूत झाली आहे, आणि ती अगदीच चुकीची नाही.)

तू आम्हा दोघांना एकसारखे फोन आणलेस, मन भरून आलं. लक्षात ठेवायला सोपं म्हणून दोन्ही फोन एकाच खात्याला जोडलेस, त्याचं तर काय कौतुक करावं. आधी त्रास दिला कॅमेऱ्याने. काकूला भावाला पाठवायला फोटो हवा होता. मी तिला खुर्चीत बसवलं, पदर सारखा करायला लावला, बटण दाबलं. फोटोत तिच्या जागी धुरकट ढग आणि कडेला जांभळा दोरा, टाका न् टाका दिसेल इतका स्पष्ट. भिंग पुसलं, फोन बंद करून चालू केला, उजेडात गेलो, तिला मागेपुढे सरकवलं; ढग लहानमोठा झाला, इतकंच. शेवटी दोष माझ्या कव्हराचा निघाला. सुटाच्या उरलेल्या कापडातून ते मीच शिवलं होतं, आणि भिंगासाठी हाताच्या सवयीने काज केलं होतं, चांगलं घट्ट. कॅमेरा जवळचा दोरा सोडून पलीकडे बघेचना. काकू म्हणाली, "तुमचंच बघून शिकलाय तो. जन्मभर कापडच तेवढं स्पष्ट दिसलं."

एवढ्यावर भागलं असतं. पण तिने भावाला फोन लावायला स्वतःचा फोन उघडला, तर भावाच्या नंबरावर नाव होतं, 'मेहुणा, उचलू नये'. दोघांच्या फोनमधली नावं एकत्र झाली होती, आणि जो नंबर दोघांकडे होता तिथे फोनने नेमकं मी घातलेलं नाव ठेवलं होतं. (आयुष्यात प्रथमच कोणीतरी माझी बाजू घेतली, तीही अशी.) मेहुणा बोलायला लागला की माझी इस्त्री कापडावर राहते, एवढाच त्याचा अर्थ, पण हे समजावायला समोरचं माणूस बोलतं लागतं. तिने बोलणंच सोडलं. तिची नावं माझ्याकडे आली, त्यात मी 'दुकान' आहे. नवरा नाही, दुकान. मी काही बोललो का?

फोन दुरुस्तीवाला म्हणाला, नाव इथे बदललंत की तिथेही बदलेल. मी लगेच 'मेहुणेसाहेब, आधी उचलावा' असं केलं. संध्याकाळी बघतो तर 'उशीर झाला'. मी लिहिलं, 'चुकलं'. त्याचं झालं, 'भाजी आणा'. आणली. तेव्हापासून आमचा संसार मेहुण्याच्या नावावर चालला आहे. काल गिऱ्हाइकाची पँट इस्त्री करताना फोन वाजला, पडद्यावर 'भाजी आणा'. आता आणखी कुठली, म्हणून उचलला, तर खुद्द मेहुणा. त्याने स्वतःच्या गुडघ्यापासून सुरुवात केली. पँट गेली.

तेव्हा रविवारी ये आणि दोन्ही फोन वेगळे करून जा. खरं सांगतो, ती घरात बोलत नाही, तर मला दुकानातही करमत नाही.

तुझा,
काका

ता. क. कव्हराचं काज उसवलं आणि ती ओट्याशी उभी असताना फोटो काढला. छान स्पष्ट आला. तिने बराच वेळ पाहिला, मग स्वतःचा फोन उचलला. मेहुण्याचं नाव 'बरी दिसतेय' झालं.

दुसरा ता. क. रविवारी जेवायलाच ये, फोनला हात लावू नकोस. पाकीट चिकटवताना सहज पाहिलं, तर 'दुकान' आता माझ्या नंबरावर नाही. तिथे 'घरी या, तोंडाने बोलू' असं आहे. शटर ओढतोय, तिकीट उद्या लावतो.