रविवारचा विस्तव

आई, मागच्या महिन्यात बायकांच्या सभेत मी तुझ्याविषयी साक्ष दिली, ती चुकीची होती. मी म्हटले की आमच्या घरी रविवारी चूल पेटत नसे, माझी आई शनिवारीच सगळे रांधून ठेवी आणि प्रार्थनेला सर्वांच्या आधी जाऊन बसे. मिशनच्या मडमबाईंनी डोळे पुसले. खरे असे की रविवारी आपली चूल कधीच थंड नसायची, आणि तू दर रविवारी उशिरा येऊन दाराजवळच्या बाकावर बसायचीस. मी पुढे बाबांजवळ बसून मागे वळून बघत असे आणि मला तुझी लाज वाटत असे.

असे का बोलले, याचा मी गेले काही दिवस शोध घेते आहे. सभेआधी मडमबाईंनी मला विचारले होते की आईने घरी शिकवले, एवढे चांगले वाचतेस, मग घरात दिवसभर करतेस काय? पेज, भांडी, बाबांचे कपडे, मासळी आली तर मासळी. हे सांगता सांगता माझे मलाच ते फार थोडे वाटले. मग साक्षीला उभी राहिले तेव्हा तुला मोठे केले. तू मोठी झालीस की मीही थोडी होईन, असे वाटले असावे. त्या साक्षीवरून मडमबाईंनी ठरवले की अशा आईच्या मुलीने घाटावरच्या शाळेत दोन वर्षे शिकावे आणि मग गावोगाव जाऊन बायांना शास्त्र वाचून दाखवावे. येत्या शुक्रवारी त्या माझे नाव कळवणार आहेत. बाबा तर भेटेल त्याला सांगत सुटले आहेत. काल बंदरावरून आले ते म्हणाले, "आईचं नाव काढलंस." मी बांगडे साफ करत होते. पुढचा बांगडा हातात घेतला.

तू मला वाचायला शिकवलेस ते तांदूळ निवडता निवडता. मी अकरा वर्षांची असेन. एके दिवशी वाचताना ती आज्ञा आली, शब्बाथाच्या दिवशी, म्हणजे आपल्या रविवारी, घरात विस्तव पेटवू नये अशी. मी थांबले आणि विचारले, मग आपण? सुपातून मान वर न करता तू म्हणालीस, "मी कुठं पेटवते? मी फक्त विझू देत नाही." आणि हसलीस. मला हसू आले नाही. आठवडाभर त्या आज्ञेची धास्ती मनात घेऊन मी फिरत होते. शनिवारी संध्याकाळी तू निखारे राखेखाली झाकून ठेवायचीस, ते मला ठाऊक होते. रविवारची सकाळ. तू न्हाणीत आहेस, बाबा पडवीत वहाणा पुसताहेत, आणि मी तांब्याभर पाणी चुलीत ओतते आहे. केवढी राख उडाली.

थोड्या वेळाने शेजारची काकी मागच्या दारी आली, हातात फुटक्या मडक्याचे खापर. तिच्याकडे काडेपेटी कधी असे, कधी नसे, आणि श्रावणात असली तरी सर्दलेली. रोज सकाळी ती आपल्याकडून विस्तव नेई. आपल्या हातचे पाणी तिला चालत नव्हते, भाकरी चालत नव्हती, विस्तव चालत होता. ती येऊन जाईपर्यंत तू घर सोडत नव्हतीस, म्हणून तुझा उशीर. हे मी रोज बघत होते आणि तरी मला कळले नव्हते. त्या वेळी तिची लेक चार दिवसांची बाळंतीण होती, शेकाला शेगडी हवी होती. थंड चुलीकडे बघून काकी म्हणाली, "आज तुमच्या देवाचा उपास काय गो?"

तू माझ्या परकरावरची ओली राख पाहिलीस. मारशील असे वाटले. तू एवढेच म्हणालीस, "देवाला दिलंस ते दिलंस. आता काकीला काय देतेस ते बघ." आणि प्रार्थनेची साडी घडी करून ठेवलीस. त्या रविवारी तू गेलीच नाहीस. मी राख उपसली, माडाची सुकी चुडते आणली, काड्या फुकट घालवल्या, फुंकून फुंकून डोळे लाल केले. म्हणजे आपल्या घरात रविवारी विस्तव पेटवला तो मीच, तू नव्हेस. खापर घेऊन काकीच्या अंगणात गेले आणि पायरीशी थांबले. खाली ठेवावे की हातात द्यावे, कळेना. "दे गो हातात," काकी म्हणाली. "इस्तवाला इटाळ नाय." आत बाळ रडत होते.

दोन वर्षांनी तू तापात गेलीस आणि विचारायचे राहून गेले. दाराजवळच्या बाकावर बसताना तुला काय वाटे? काकीची वाट बघणे ही तुझी प्रार्थनाच होती, की नुसता शेजारधर्म? की तू असा भेदच करत नव्हतीस? आता काकीकडे काडेपेटी असते. तरी ती सकाळी येते, मुंबईतल्या मुलाचे पत्र घेऊन मागच्या पायरीवर बसते. पेज रटरटत असते आणि मी वाचते. आवडलेली ओळ ती दोनदा वाचायला लावते. मडमबाईंनी विचारले तेव्हा हे मला आठवलेसुद्धा नाही. तिचे पत्र वाचताना मी सुखात असते, आणि सुखाची मला भीती वाटते, म्हणून तपासून बघते. हा आळस आहे का? बाहेरच्या कामाची भीती आहे का? दोष सापडेल म्हणून शोधते, आणि सापडत नाही. याचेच मला नवल वाटते.

सभेत उठून खरे सांगितले तर नाव रद्द होईल. मेलेल्या आईविषयी खोटे बोलली, असे बायका म्हणतील, आणि ते खरेच आहे. बाबांचा चेहरा कसा होईल, ते मला बघवणार नाही, पण बघावे लागेल.

हे पत्र कुठे टाकायचे नाही, म्हणून आणखी एक लिहिते. बाबांना एकटे कसे टाकू, असे कारण मडमबाईंना द्यायचे मी ठरवले होते. ते सर्वांना पटले असते. पण बाबा धडधाकट आहेत आणि माझ्यापेक्षा चांगली कढी करतात. मला जायचे नाही, कारण मला इथे आवडते. एवढे साधे कारण उभे राहून सांगायचे, याचीच खोट्याच्या कबुलीपेक्षा जास्त लाज वाटते आहे. तरी दोन्ही सांगेन, गुरुवारी, दुपारी तीनला, सभेची प्रार्थना सुरू व्हायच्या आधी.