आठ दिवसांचं तूप

माय, तुला जाऊन चाळीसच्या वर वर्षं झाली. तू होतीस तेव्हा तुला कधी कागद लिहिला नाही. लिहिला असता तरी तुला वाचता आला नसता. आज बीडच्या एका दवाखान्यात बाकड्यावर बसून लिहितोय. सुनेनं तपासण्यांचे कागद सांभाळायला दिलेत, त्यातल्या एकाची पाठ कोरी आहे. आत माझी नात आहे. पहिलटकरीण, सातवा महिना, आणि पित्ताच्या पिशवीत खडे. काल दुपारपासून उजव्या बरगडीखाली हात दाबून पडली आहे. पाच वाजता डॉक्टर येणार आणि ऑपरेशन करायचं की नाही ते ठरवणार. ते यायच्या आत मला एक गोष्ट कुणाला तरी सांगायची आहे. जिवंत माणसाला सांगायचं धाडस होईना.

चौथ्या महिन्यात सासरी असतानाच तिला पहिल्यांदा कळ आली होती. बरगडीखालून निघून पाठीत, खांद्यात जायची. सगळे म्हणाले, पित्त झालंय, पोटुशीपणात होतं. तिनं महिनाभर ते ऐकून घेतलं. मग सोनोग्राफीत खडे दिसले. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, तेल-तूप बंद, तळलेलं बंद, थोडं थोडं खायचं. त्यावर निभावलं तर बाळंतपणानंतर बघू. पोरीनं अक्षरशः जिभेला कुलूप लावलं. सातव्यात आम्ही तिला माहेरी आणलं, तेव्हा वरण-भात आणि उकडलेली भाजी एवढंच खायची. कळ मात्र थांबली होती. नेकनूरच्या एसटीतून उतरली तेव्हा मी आधी तिचे हात बघितले. काटक्या झाल्या होत्या गं हाताच्या.

आता खरं सांगतो. मी तिला तूप दिलं. सून सकाळी रानात गेली की मी कोनाड्यातली डबी काढायचो, गरम भातावर दोन चमचे तूप सोडायचो आणि ताट तिच्यापुढं ठेवायचो. घरच्या गाईचं, मीच कढवलेलं. पहिल्या दिवशी तिनं ताट मागं सारलं. "आबा, नको. डॉक्टर शिकलेत का तुमी शिकलात?"

"डॉक्टरनं कधी गाय पाळलीय का?" मी म्हणालो. "घरच्या तुपानं काय होत न्हाई. ते पाकिटातल्या तेलानं होतं."

ती हसली. "आईला कळलं ना, तर दोघांनाबी घराबाहेर काढंल."

"काढू दे. गोठ्यात राहू. तू खा. तुझ्यासाठी न्हाई म्हणत मी, त्या लेकरासाठी खा."

लेकरासाठी म्हटल्यावर तिनं घास घेतला. मी समोर बसून शेवटच्या शितापर्यंत बघत राहिलो.

तुला आठवतं का, मी सात-आठ वर्षांचा असेन. तू चुलीपुढं बसली आहेस, पोट मोठं झालंय, नीट वाकता येत नाही. शिंक्यातलं गाडगं उतरवतेस, तळाशी बोट फिरवून निघेल तेवढं तूप माझ्या भाकरीवर पुसतेस. तुझ्या ताटात कोरडी भाकर आणि ठेचा. मी माझी भाकर तुझ्याकडं सरकवतो. "माय, तू पण घे ना." तुझा पिठाचा हात माझ्या गालावर बसतो. "गुमान खा. माझ्या ताटात काय हाय ते तू बघू नको." मी गुमान खाल्लं. बहीण झाली ती मुठीएवढी. बारशाचा दिवससुद्धा तिनं बघितला नाही. दारात जमलेल्या बायका म्हणाल्या, "आईच्या पोटात तूप न्हाई, दूध न्हाई, लेकरू कशावर जगावं?" मी उंबऱ्यावर बसलो होतो. माझ्या बोटांना तुपाचा वास येत होता. तो वास मी आजवर कुणाला सांगितला नाही. कोनाड्यातली डबी काढताना दर सकाळी तोच यायचा, आणि मला वाटायचं, या खेपेला मी ताट बरोबर माणसापुढं ठेवतोय.

काल भात खाल्ल्यावर तासाभरात ती भिंतीला धरून खाली बसली. ओकारी थांबेना. "आबा, आईला बोलवा," एवढंच म्हणाली. शेजाऱ्याच्या गाडीतून तिला इथं आणलं. वाटेत मी नारायणगडाकडं तोंड करून हात जोडले, काय बोललो ते मलाच आठवत नाही. डॉक्टरांनी विचारलं, "तेलकट, तुपकट काही खाल्लं होतं?" मी दाराशी उभा होतो. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "न्हाई साहेब. वरण-भात."

डॉक्टर सुनेला म्हणाले, "इतकं पथ्य पाळूनही दुखतंय म्हणजे वाट बघण्यात अर्थ नाही. भूल दिली की बाळंतपणाच्या कळा लवकर सुरू व्हायची भीती असते. पण पिशवी सुजत गेली तर दोघांनाही धोका आहे. उद्या संध्याकाळी ठरवू."

मी चौथी शिकलेला माणूस आहे, पण एवढं मला कळलं. माझ्यासाठी ती खोटं बोलली, आणि त्या खोट्यावर तिच्या पोटाला सुरी लागणार. कालपासून डॉक्टरांच्या खोलीपर्यंत तीनदा जाऊन आलो. दाराशी गेलो की पाण्याची बाटली भरायची आठवण येते. तुझं नाव सांगावं असंही मनात आलं, की माझी माय म्हणायची, तूप द्यावं. तू असं कधीच म्हणाली नव्हतीस. आता पाचाला दहा कमी आहेत. माय, काय करू?

डॉक्टर येऊन गेले. सुनेसमोर बोललो मी. "साहेब, ती खोटं बोलली. मी तूप दिलं तिला."

"किती दिवस?"

"एकच दिवस. एक चमचा."

खाटेवरून, सलाईनच्या हातानं चादर धरून, नात बोलली. "आबा, आता तरी नीट सांगा. आठ दिवस, साहेब. दोन-दोन चमचे."

सून माझ्याकडं बघत राहिली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. डॉक्टरांनी कागद पुन्हा चाळले. मग म्हणाले, "ताप नाही, रक्ताचा रिपोर्टही फार वाईट नाही. सकाळपर्यंत तोंडानं काही द्यायचं नाही. कळ उतरली तर थांबू. नाही उतरली किंवा ताप आला तर ऑपरेशन. आणि आजोबा, तुम्ही बाहेर बसा."

म्हणून बाहेर बसलोय. आतून तिचं कण्हणं येतं, मध्येच थांबतं. थांबलं की कळ उतरली म्हणून बरं वाटतं, आणि लगेच वाटतं, का थांबलं? उठून दाराच्या फटीतून बघतो, चादर हलतेय का ते. असं किती वेळा झालं. सून दोनदा बाहेर आली, दोन्ही खेपेला पलीकडच्या भिंतीकडून गेली.

हा कागद घडी करून पिशवीत ठेवतो. पिशवीत आणखी एक गोष्ट आहे, ती मी डॉक्टरांना सांगितली नाही. घाईघाईनं निघताना मी ती डबी बरोबर घेतली होती. अजून अर्धी भरलेली आहे. समोर कचऱ्याचा डबा आहे आणि मला ती टाकवत नाही गं माय.