खोडलेल्या ओळी

प्रिय दादा,

रविवारी येऊन तू दुकानाच्या किल्ल्या घेऊन जाणार आहेस, हे बाबांनी मला एका घड्याळाच्या चाकाला तेल देता देता सांगितलं. आवाज नेहमीचाच. कपाळाचे चार टाके निघालेत. किल्ल्यांचा जुडगा मात्र त्यांनी आत्तापासूनच खिशातून काढून टेबलावर ठेवलाय. तू येण्याआधी तुला काही गोष्टी क्रमाने सांगायच्या आहेत. फोनवर तू मध्येच बोलतोस, म्हणून पत्र. आणि हो, तू मला मोजपट्टी म्हणतोस, तेव्हा आकडे येणारच.

बाबा दुरुस्तीच्या, ऑर्डरींच्या, औषधांच्या सगळ्या नोंदी टॅबवर ठेवतात. त्यांच्या जुन्या ॲपमध्ये वर बटणं होती : अक्षर ठळक करा, रंगवा, आडवी रेघ मारून खोडा. मला असली ॲप्स आवडत नाहीत. त्यांच्यातलं लिहिलेलं त्यांच्याच पेटीत अडकून पडतं. साधा मजकूर पन्नास वर्षांनीही कुठेही उघडेल. म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी त्यांच्या नोंदी माझ्या आवडीच्या ॲपमध्ये हलवल्या. तिथे शब्द ठळक हवा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दोन चांदण्या (**) टाइप करायच्या, एवढंच. दुसऱ्याच दिवशी बाबांचा फोन. "अगं, माझ्या मजकुरावर या माश्या कुठून बसल्या?" मग एका घड्याळाच्या पट्ट्याची मापं लिहिली, तर गुणाकाराच्या चांदण्या गायब आणि मधला आकडा तिरका. मी म्हटलं, होईल सवय. वहिनीने विचारलंच, की सासऱ्यांना घड्याळं दुरुस्त करायचीत की प्रोग्राम लिहायचेत. मला तेव्हा राग आला होता. तिचं बरोबर होतं.

एकदा त्यांनी विचारलं, यात खोडायचं कसं? मी म्हटलं, नको ते पुसून टाका की. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "पुसायचं नसतं गं. आधी काय होतं ते दिसायला हवं. नाहीतर पुढच्या कारागिराला काय कळणार?" मी हो म्हटलं आणि विसरून गेले. विसरले ती मी, एवढं लक्षात ठेव.

दवाखान्याच्या बाकावर बाबा काय काय विसरले ते तू बोटांवर मोजून दाखवलंस. एकच स्प्रिंग दोनदा मागवली. शिक्षिकाबाईंना घड्याळ घरपोच देऊन झाल्यावर पुन्हा फोन केला, तुमचं घड्याळ तयार आहे म्हणून. आणि रक्तदाबाची बंद केलेली गोळी नव्या गोळीबरोबर नऊ दिवस घेतली, त्यातून चक्कर, टेबलाची कड, रक्त. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "विसरलो असेन." तू माझ्याकडे पाहिलंस. मीही मान डोलावली.

बुधवारी दुपारी डॉक्टरांना जुन्या औषधांची यादी हवी होती, म्हणून मी आधीच्या ॲपची राखून ठेवलेली प्रत उघडली. बंद केलेल्या गोळीवर आडवी रेघ होती. स्प्रिंगवर होती. शिक्षिकाबाईंच्या नावावरही होती. अकराशे चाळीस नोंदी, त्यांत दोनशे बारा खोडलेल्या ओळी. बाबा काम झालं की ओळ खोडतात. ~~प्रोग्राममध्ये चूक झाली.~~ नोंदी हलवायचा प्रोग्राम मी लिहिला. शीर्षकं तपासली, ठळक अक्षरं तपासली, याद्या तपासल्या. खोडलेल्या ओळी तपासल्या नाहीत, कारण मी स्वतः कधी खोडत नाही, पुसते. रेघा गळून पडल्या, शब्द राहिले, आणि संपलेली कामं पुन्हा उभी राहिली. डोक्यावर विसंबू नका, नोंद बघा, असं त्यांना बजावणारीही मीच.

टॅब घेऊन मी दुकानात गेले. त्यांनी भिंगातून मान वर केली नाही. म्हणाले, "मला दवाखान्यातच कळलं होतं. दादाला सांगू नकोस, तो तुला घालूनपाडून बोलेल. माझं काय, आता वय झालंच आहे." आणि पुन्हा त्या चाकात शिरले.

म्हणून हे पत्र. बाबा काहीही विसरलेले नाहीत. रविवारी ये, मला काय बोलायचं ते बोल, पण किल्ल्या त्यांच्या खिशात परत जाऊ देत. नोंदी मी पुन्हा बटणांच्या ॲपमध्ये नेल्या आहेत आणि दोनशे बारा रेघा एकेक करून जुळवून पाहिल्या आहेत. बुधवारच्या परिच्छेदात तुला एक ओळ खोडलेली दिसेल. तिथे मी आधी "प्रोग्राममध्ये चूक झाली" असं लिहिलं होतं. नवा कागद घेता आला असता. घेतला नाही. वाचता येते ना, बघ.

तुझीच,
मोजपट्टी